‘आवडलं की नाही, एवढंच सांगा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच रात्री उत्तर लिहायला बसले होते. पण रागात लिहिलेलं सकाळी आपल्यालाच वाचवत नाही, म्हणून दोन दिवस जाऊ दिले.

ज्यांना मागचं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी एका ऑनलाइन गाण्यांच्या स्पर्धेत परीक्षक आहे. कुठल्याही कंपनीच्या आधाराशिवाय, बहुतेक वेळा घरच्याच एका खोलीत गाणी करणारे लोक तिथे आपले ट्रॅक पाठवतात. आम्ही प्रत्येक गाण्याला गुण द्यायचे आणि खाली दहा-बारा ओळींचा अभिप्राय लिहायचा. अभिप्राय मिळाल्यावर चार दिवसांत गाणं दुरुस्त करून पुन्हा चढवता येतं. माझे काही अभिप्राय इथे दिल्यावर तुम्ही लिहिलंत की हे अभिप्राय नव्हेत, दुरुस्तीच्या याद्या आहेत. ‘१:४२ ला अमुक, २:१० ला तमुक’ करण्यापेक्षा गाणं आवडलं की नाही एवढं सांगायची हिंमत दाखवा. स्वतः एक ओळ न रचता उंटावरून शेळ्या हाकू नका. आणि दाखल्याला ते गाणं दिलंत, ज्यात गाणाऱ्याचा आवाज शेवटी शेवटी वाद्यांत बुडत जातो. तिथे मी माझी आवड लादली, असं तुमचं म्हणणं.

त्या गाण्याबाबत तुमचं बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी लिहिलं होतं : “१:४२ पासून शब्द कळत नाहीत. आवाज दोन-तीन डेसिबल वर आणा.” त्यावर गाणं करणाऱ्याचं उत्तर आलं की हे मुद्दाम केलं आहे. गाण्यातला माणूस गर्दीत हरवत जातो, म्हणून त्याचा आवाजही हरवतो. माझं पहिलं वाक्य खरं होतं आणि ते सांगायलाच हवं होतं. दुसरं मात्र आगाऊपणाचं होतं. त्याच्या जागी “हे ठरवून केलंय का?” एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

उत्तर वाचून मी गाणं पुन्हा लावलं, तेव्हा कुठे खरी अडचण ध्यानात आली. आवाज हरवत होता, पण जेमतेम. इतका थोडा की मिक्स करताना, म्हणजे गळा आणि वाद्यं एकत्र बसवताना, फेडर (पातळी कमी-जास्त करायची पट्टी) चुकून खाली राहिला असावा असंच वाटावं. अहो, बुडवायचाच आहे तर बुडवा की! रिव्हर्ब, म्हणजे आवाजाची घुमणारी आस, वाढत जाऊ दे, व्यंजनं पुसट होत जाऊ देत, शेवटची ओळ कुणाची आहे तेही कळू नये. हे त्यांना कळवलं आहे, या खेपेला प्रश्नाच्या रूपात. ते काय करतील ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.

पण यातून तुम्ही जो निष्कर्ष काढता तो मला पटत नाही. वेळ लिहून जागा दाखवणं हा त्या अभिप्रायातला चांगला भाग होता. चुकला तो उपाय. ‘आवाज दबलाय’ असं ऐकणाऱ्याला वाटतं तेव्हा त्यामागे दहा कारणं असू शकतात. आवाज खरोखरच हळू असेल. गिटार आणि गळा १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर चढत असतील. रिव्हर्ब जास्त असेल. किंवा मिक्समध्ये काहीच बिघडलेलं नसेल आणि चालच इतकी खाली बांधलेली असेल की गाणाऱ्याचा गळा तिथे उघडतच नाही. यातलं नेमकं काय ते बाहेर बसून मला कसं कळणार? गळा आणि एकेक वाद्य वेगवेगळं उघडून बघायची सोय त्यांच्याकडे असते. माझ्याकडे एक फाइल असते आणि दोन कान.

खर्जाचंच बघा ना. “बेस वाढवा” हा या स्पर्धेतला सगळ्यात स्वस्त सल्ला आहे. बेस गिटारची सगळ्यात खालची तार, नेहमीच्या मेळात, साधारण ४१ हर्ट्झला वाजते. फोनचा इवलासा स्पीकर तिथवर उतरतच नाही. आता ऐकणारा म्हणतो बेस नाही, करणारा बिचारा फेडर वर ढकलतो. फोनवर तरीही काही येत नाही आणि मोठ्या स्पीकरवर मात्र खोली घुमायला लागते. मूळ सूर गाळून त्याच्या पटीत येणारे वरचे स्वरांश, म्हणजे ८२, १२३, १६४ हर्ट्झ आणि त्यापुढचे, कानावर पडले तर खालचा सूर मेंदू स्वतःच भरून काढतो. म्हणून जाणकार लोक बेसला थोडं सॅच्युरेशन, म्हणजे मुद्दाम किंचित खरखरीतपणा, देतात, जेणेकरून ते वरचे स्वरांश ठळक व्हावेत. पण हेही मी अभिप्रायात लिहीत नाही. मी लिहिते, “हेडफोनवर बेस छान आहे, फोनवर दुसऱ्या अंतऱ्यापासून गायब होतो.” ज्याला काम येतं त्याला एवढं पुरतं. ज्याला येत नाही तो विचारतो, मग बोलता येतं.

आता हिंमतीचा मुद्दा. आवडलं की नाही हे मी सांगत नाही असं कोण म्हणतं? गुण तेच सांगतात, आणि ते सगळ्यांना दिसतात. खालच्या दहा ओळी गाणं करणाऱ्यासाठी असतात, आणि ‘आवडलं नाही’ या दोन शब्दांचं तो बुधवारी संध्याकाळी प्रोजेक्ट उघडून काय करणार आहे? काही गाणी मला खरंच कंटाळवाणी वाटतात. तेव्हा मी कंटाळा कुठे आला ते लिहिते. परवाच एका गाण्यावर लिहिलं : “दुसऱ्या कडव्यात चाल तीच, ठेका तोच, वाद्यंही तीच. २:१० ला मी फोनकडे पाहिलं.” यापेक्षा स्पष्ट नापसंती मला तरी जमत नाही. त्या गाणाऱ्यानं दुसरं कडवं निम्मं केलं आणि तिथे नुसता तानपुऱ्यासारखा एक सूर धरून ठेवला. मला सुचलं नसतं.

नव्या लोकांना मी नाउमेद करते, असंही तुम्ही जाता जाता म्हणालात. याबद्दल क्लूगर आणि डेनिसी या दोन संशोधकांचं १९९६ सालचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी अभिप्रायावरचे तोवरचे अनेक प्रयोग एकत्र करून तपासले. सरासरीनं अभिप्रायाचा फायदा होतो हे दिसलंच, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्राय मिळाल्यावर काम आधीपेक्षा बिघडलं होतं. त्यांचा तर्क असा की माणसाचं लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं की, म्हणजे ‘मी कसा आहे’ या विचारात तो अडकला की, अभिप्रायाचा फायदा कमी होतो. गंमत म्हणजे यात कौतुकही सुटत नाही. “काय गळा दिलाय देवानं!” हेसुद्धा माणसाबद्दलचंच बोलणं झालं. तुम्हाला माझे शब्द कोरडे वाटतात ते यामुळे. ‘तुमचा सूर कच्चा आहे’ असं न लिहिता ‘अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीत वरचा गंधार लागताना थोडा उतरतो’ असं लिहिलं की तो एक गंधार दुरुस्त करायचा उरतो, अख्खा माणूस नाही.

कौतुकातही नेमकेपणा का लागतो ते मी एका गाण्यात माझं नुकसान करून घेऊन शिकले. नुकसान खरं तर गाण्याचं झालं. एक मुलगी गात होती. शेवटचा मुखडा येण्याआधी तिनं एक छोटासा श्वास घेतला होता, अर्धवट, जणू ओळ म्हणावी की नाही हे तिचं अजून ठरलेलं नाही. त्या श्वासावर सगळं गाणं तोललेलं होतं. मी तिला ठेक्याबद्दल लिहिलं, ‘स’ शिट्टीसारखा टोचतो म्हणून लिहिलं, आणि श्वासाबद्दल काहीच लिहिलं नाही. एवढं काय सांगायचं, असं वाटलं. दुसऱ्या कुणीतरी लिहिलं की श्वास ऐकू येतात, साफ करा. चार दिवसांनी आलेल्या गाण्यात ‘स’ सुधारला होता आणि श्वास गेला होता. ओळ भिंतीतून निघाल्यासारखी एकदम सुरू झाली. काय बिघडवायचं नाही हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक अभिप्रायात एक ओळ ‘याला हात लावू नका’ची असते.

आणि तुम्ही ज्याबद्दल बोललाच नाहीत ती माझी सगळ्यात मोठी चूक मीच सांगते. मागच्या फेरीत मी एका संध्याकाळी ३१ गाणी ऐकली. चोविसाव्या गाण्यावर लिहिलं : “मिक्स पातळ आहे, खर्ज लागत नाही, जोर कमी.” सकाळी चहाआधी ते पुन्हा लावलं तर गाणं चांगलं भरलेलं होतं. मग तेविसावं लावून मोजलं. ते उणे ७ एलयूएफएसला (गाणं एकूण किती मोठ्यानं ऐकू येतं ते मोजायचं एकक; आकडा शून्याजवळ तितका आवाज मोठा) दाबून ठोकलेलं, हे उणे १६ ला. तब्बल ९ डेसिबलचा फरक! आवाजाची पातळी उतरली की कानाला खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा जास्त वेगानं कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवून दिलं आहे. म्हणजे ‘खर्ज लागत नाही’ ही तक्रार त्या गाण्याबद्दल नव्हतीच. माझं व्हॉल्यूमचं बटण आणि दमलेले कान बोलत होते. वर गंमत अशी की स्पॉटिफायवर नेहमीच्या सेटिंगमध्ये गाणी साधारण उणे १४ ला आणून वाजवली जातात. तिथे ते ठोकलेलं गाणं ७ डेसिबल खाली ओढलं गेलं असतं आणि त्याचे चपटे झालेले ड्रम उघडे पडले असते.

मी अभिप्राय मागे घेतला, त्या गाणाऱ्याची माफी मागितली. गुण बदलून द्या म्हणून आयोजकांना लिहिलं, तर एकदा दिलेले गुण बदलता येत नाहीत असं उत्तर आलं. ते अजूनही तसेच आहेत. तुम्हाला माझ्यावर राग काढायचाच असेल तर यावर काढा, मी मान खाली घालून ऐकेन.

त्या दिवसापासून मी एका बैठकीत दहाच गाणी ऐकते, आणि सगळी एका पातळीला आणून. गाणं पहिल्यांदा ऐकताना काही वाचत नाही, वर्णन नाही, इतरांच्या प्रतिक्रिया तर मुळीच नाहीत. साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी २००६ साली अनोळखी बँडची ४८ गाणी १४ हजारांहून जास्त लोकांना ऐकवली. काहींना आधीच्यांनी कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड केलं तो आकडा दिसत होता, काहींना नाही. आकडा दिसणाऱ्यांना त्यांनी आठ वेगळ्या गटांत ठेवलं होतं. प्रत्येक गटात वेगळीच गाणी वर चढली आणि वरच्या-खालच्यांमधली दरीही वाढली. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत, मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. आपल्या स्पर्धेतली बहुतेक गाणी मधलीच असतात हो. पहिल्या तिघांनी “सुंदर” लिहिलं की चौथा त्यांची री ओढतो, आणि चौथी मी असू शकते.

राहता राहिलं ‘स्वतः एक ओळ न रचता’. रचल्या आहेत, वाईट आहेत, दाखवणार नाही.

तुमचंही गाणं या फेरीत आहे आणि ते माझ्याकडे देऊ नये असं तुम्ही आयोजकांना कळवलंत, हे मला समजलं. त्यांनी ते माझ्याच यादीत ठेवलंय, सत्ताविसाव्या क्रमांकावर. बेल्जियमच्या क्वीन एलिझाबेथ या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या स्पर्धेच्या निकालांचा अभ्यास १९९६ साली झाला होता. तिथे वाजवण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, तरी पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांना वरचा क्रमांक मिळायची शक्यता कमी निघाली. म्हणजे क्रमाची बाधा कसलेल्या परीक्षकांनाही होते, मग माझी काय कथा. म्हणून या फेरीची यादी मी शेवटाकडून सुरू केली आहे. ३० गाण्यांची यादी आहे, तेव्हा तुमचं गाणं उद्या सकाळी चौथं येईल, कान ताजे असताना. दोनदा ऐकेन, एकदा हेडफोनवर, एकदा फोनवर. तुम्हाला त्याबद्दल एखादी गोष्ट नेमकी विचारायची असेल तर आज रात्रीपर्यंत लिहून ठेवा. पहिल्यांदा ऐकून झाल्याशिवाय मी ती उघडणार नाही.