अनिता आनंद कॅनडाच्या पंतप्रधान नाहीत

‘भारतात जन्मलेल्या अनिता आनंद कॅनडाच्या पहिल्या महिला पंतप्रधान’ हा निरोप, त्यांनी गीतेवर शपथ घेतल्याच्या उल्लेखासह, पुन्हा फिरतोय. मागे मीही तो दोन ग्रुपवर टाकला होता, म्हणून हा खुलासा.

६ जानेवारी २०२५ला तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी पद सोडण्याची घोषणा केली, तेव्हा संभाव्य नावांत आनंद यांचं नाव होतं. बातमीत तेवढंच होतं. पण ‘शक्यता’ हा शब्द फॉरवर्डमध्ये टिकत नाही. ११ जानेवारीला त्यांनी स्वतःच शर्यतीत नसल्याचं जाहीर केलं. मार्चमध्ये पंतप्रधान झाले मार्क कार्नी. पहिल्या महिला पंतप्रधानाचा मान तर किम कॅम्पबेल यांचा, १९९३ सालचा.

जन्मही भारतातला नाही. आईवडील इथले, वडील तमिळ आणि आई पंजाबी, पण अनिता जन्मल्या नोव्हा स्कोशियातल्या केंटव्हिल गावी. टोरांटो विद्यापीठात कायदा शिकवत होत्या. २०१९ला ओकव्हिलमधून खासदार झाल्या आणि लगेच मंत्री. कोविडच्या लसी मिळवण्याचं काम त्यांच्याच खात्याकडे होतं. पुढे संरक्षण आणि इतर खाती. जानेवारी २०२५मध्ये ‘निवडणुकीला पुन्हा उभी राहणार नाही’ म्हणाल्या होत्या, १ मार्चला निर्णय फिरवला, एप्रिलमध्ये निवडून आल्या. १३ मे २०२५ला परराष्ट्रमंत्री झाल्या आणि शपथ गीतेवर हात ठेवून घेतली. निरोपातला गीतेचा उल्लेख तेवढा खरा आहे.

माझा जुना मेसेज कुणी पुढे पाठवला असेल तर कृपया काढून टाका, आणि तिथे हा टाका.