अर्धी मालकीण, पण पासबुक कुठे ते ठाऊक नाही

पंचविशीत एसआयपी, तिशीत टर्म इन्शुरन्स, चाळिशीत गृहकर्ज संपवा. पैशाच्या गुरूंचे हे रील तुम्हीही बघत असाल. सल्ला खोटा नाही, पण तो पुण्या-मुंबईच्या पगारदारासाठी आहे. आपल्या गोव्यात पैशाचं गणित लग्नाच्या सहीबरोबरच बदलतं, आणि ते कुणी सांगत नाही.

1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आपला कायदा म्हणतो: लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायको एकूण मालमत्तेचे निम्मे-निम्मे मालक. कुणाच्याही नावावर असो, अगदी वारशाने आलेली असो. समान नागरी कायद्याचा विषय निघाला की आपण हे छाती फुगवून सांगतो. घरी मात्र एफडीची पावती कुठल्या कप्प्यात आहे हे त्या अर्ध्या मालकिणीला ठाऊक नसतं.

मी डिचोलीत लोकांचे आयकर रिटर्न भरतो. परवा एक निवृत्त गृहस्थ पत्नीला घेऊन आले. एफडी त्यांच्या एकट्याच्या नावावर, वर्षाचं व्याज तीन लाख. मी म्हटलं, वहिनींचं पॅन कार्ड द्या. "तिचं कशाला? ती घरीच असते." मग समजावलं: आयकर कायद्यात गोव्यासाठी खास तरतूद आहे, आम्ही तिला कलम 5ए म्हणतो. पगार ज्याचा त्याचा. पण व्याज, भाडं, धंद्याचा नफा, जमीन विकून आलेला फायदा हे दोघांत निम्मं-निम्मं दाखवावं लागतं. म्हणून रिटर्नचा साधा फॉर्म, आयटीआर-1, इथे चालत नाही. वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "माझ्या वाट्याला दीड लाख व्याज? मग एफडी आहे तरी केवढी?" साहेब भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

माझं म्हणणं एवढंच आहे की गोव्यात गुंतवणुकीची पहिली पायरी म्हणजे दोघांनी एका टेबलावर बसून सगळे कागद उघडणं. म्युच्युअल फंड कुठला घ्यायचा ते नंतर बघू.

आमच्या खाणपट्ट्याला याची किंमत माहीत आहे. 2012मध्ये खाणी थांबल्या, 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केल्या. ट्रक दारात उभे राहिले, हप्ते चालूच. अनेक घरांत कर्ज किती हे बायकोला वसुलीवाला आल्यावर कळलं. खाण असो, बोटीवरची नोकरी असो की पर्यटनाचा सीझन, आपली कमाई सहा महिने भरती, सहा महिने ओहोटी. म्हणून इथे आधी सहा-आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा, मग बाकीचं. (सरकारी नोकरी लागली की सगळं झालं, असं मानणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.)

बँकेचंही तसंच. म्हापसा अर्बनचा परवाना 2020मध्ये गेला, मडगाव अर्बनचा 2021मध्ये. बँकेतल्या ठेवीला विमा आहे तो एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत, व्याज धरून. पतसंस्थेच्या ठेवीला तोही नाही. तरीही एक टक्का जास्त मिळतो म्हणून निवृत्तीची सगळी रक्कम ओळखीच्या पतसंस्थेत टाकणारे दर महिन्याला भेटतात. चेअरमन आपला माणूस असतो ना!

उतारवयातला घोळ सगळ्यात मोठा. "मृत्युपत्र करून सगळं धाकट्याला देतो" असं इथे चालत नाही. मुलं असतील तर आपल्या वाट्यातल्या अर्ध्या भागाचंच मृत्युपत्र करता येतं, उरलेला अर्धा मुलांचा हक्काचा, मुलगा-मुलगी सारखे. आणि मुलीच्या वाट्यात जावयाचा वाटा येतो, म्हणून भाट (माडा-झाडांची बागायत) विकायचं तर त्याचीही सही लागते. जावई परदेशात असेल तर मुखत्यारपत्र येईपर्यंत गिऱ्हाईक पळतं. बापाच्या पाठीमागे इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारसांची वाटणी, केलीच नाही, फॉर्म एक-चौदावर (आपल्या जमिनीच्या उताऱ्यावर) अजून आजोबांचं नाव, अशी घरं माझ्या एका वाड्यात अर्धी निघतील. कागदावर कोट्यधीश, आणि चवथीला सोनं गहाण.

यंदा रिटर्नला येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो: जोडीने या, दोन्ही पॅन कार्डं, सगळ्या ठेवींच्या पावत्या आणि कर्जाचे कागद घेऊन. एकटे आलात तर चहा देईन, पण काम पुढच्या खेपेला.