घरपट्टीची बिलं मार्चमध्ये कुलपांना वाटून काय उपयोग?

गणपती जवळ आले की वाडीतल्या चार बंद घरांच्या चाव्या माझ्याकडे येतात. झाडलोट करून ठेवायची असते. परवा त्यातलं एक उघडलं, तर दाराच्या फटीतून सारलेली तीन वर्षांची घरपट्टीची बिलं उंबऱ्याच्या आत पडलेली. खालच्या दोनांना वाळवी. वरच्यावर नाव आजोबांचं, ते जाऊन वीस वर्षं झाली. आणि ग्रामपंचायतीत विचारलंत तर उत्तर ठरलेलं: "मुंबईकर भरत नाहीत."

मी पाच वर्षं सदस्य होतो, वसुलीला दारोदार हिंडलोय. मला हे पटत नाही. मुंबईकर बुडवे असते तर देवळाची वर्गणी आणि पाखाडीचे, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेचे, पैसे आले कुठून? आपण मागतोच चुकीच्या महिन्यात. ३१ मार्च तोंडावर आला, तालुक्याहून फोन आला, की नोटिसा घेऊन कुलपांपुढे उभे. नियमात ३० सप्टेंबरच्या आत पूर्ण घरपट्टी भरणाऱ्याला ५ टक्के सूट आहे. गणपती कितीही मागेपुढे झाले तरी त्याआधीच बसतात. अख्खी वाडी गावात असते आणि नेमकं तेव्हाच कार्यालय बंद! गणपतीचं रेल्वे तिकीट ६० दिवस आधी मोबाईलवर काढणाऱ्या माणसाला पावतीसाठी ग्रामसेवक कधी भेटतील ते विचारत फिरावं लागतं.

पण खरी गाठ भाऊबंदकीत आहे. मी सदस्य असताना डोंबिवलीचे एक काका सगळी थकबाकी भरायला आले. मागोमाग पुतण्या हजर. "पावती कोणाच्या नावावर फाडताय?" काका म्हणाले, "तुझ्या आज्याच्या." "मग 'हस्ते' कोणाचं घालणार?" अर्धा तास वाद झाला आणि काका पैसे तसेच खिशात घालून परत गेले. नमुना ८ ही करआकारणीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे, हे न्यायालयांनी किती वेळा सांगितलं, तरी वाडीत पावती म्हणजे सातबाराच. म्हणून भाऊ भावाला भरू देत नाही, नाहीतर एक भाऊ गुपचूप भरून पावत्या ट्रंकेत साठवतो. पंचायतीने पावतीवर ठळक छापावं की ही फक्त कराची पावती आहे, मालकीशी संबंध नाही. सामायिक घराचा कर प्रत्येक भावाकडून हिश्श्याने घ्यावा, आणि गणपतीतच वारसांचे अर्जही घ्यावेत.

आता आपल्या गावकऱ्यांचंही बोलूया, उगाच मुंबईकरांवर कशाला ढकलायचं! किनाऱ्यालगत एसी खोल्या, पोहण्याचा तलाव, मे महिन्यात पुण्याच्या गाड्यांची रांग, आणि नमुना ८ वर नोंद काय, तर 'कौलारू घर, निवासी'. वाणिज्य वापराचा भारांक, म्हणजे कर काढताना लावायचा गुणक, निवासीपेक्षा जास्त असतो. आकारणी दर चार वर्षांनी नव्याने करायची असते. पण मोजायला जाणार कोण? मालक कुणाचा तरी मेहुणा निघतो. माझ्या काळात आम्हीही गेलो नाही, हे कबूल करतो.

२०२५ मध्ये राज्य सरकारच्या समृद्ध पंचायतराज अभियानात जुन्या थकबाकीवर ५० टक्के सवलत आली. वसुलीचा आकडा वाढतो हे खरं. पण आमच्या खालच्या वाडीतली आजी भाजी विकून दरवर्षी वेळेत भरते. तिने मला विचारलं, "मग मी येडी काय?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बिल मिळाल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरतो. त्यामुळे निवडणूक लागली की इच्छुकांची थकबाकी एका दिवसात चुकती होते. म्हणजे पैसे असतात हो!

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी मी लेखी विषय दिलाय: गणपतीत दोन दिवस देवळाच्या सभामंडपात वसुलीचं टेबल, क्यूआर कोड आणि जागेवर पावती. टेबल-खुर्च्या न्यायला माझी रिक्षा फुकट.