म्हणे, फुकट असूनही येत नाहीत!

पावसाळ्यात गरोदर बाईला खाटेवरून नेतानाचा एखादा व्हिडिओ आला, की त्याला चिकटून हा मजकूर फिरतोच: "सरकारने आदिवासी भागात दवाखाने बांधले, उपचार फुकट केले. तरी हे लोक मांत्रिकाकडेच जातात. अंधश्रद्धेपुढे कोण काय करणार?" खाली अंगठ्यांची रांग.

दवाखाने बांधले, हे खरं. डोंगरी-आदिवासी भागात 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 3,000 मागे एक उपकेंद्र असा निकष आहे. इतरत्र तो 30,000 आणि 5,000. पण हा हिशेब डोक्यांचा झाला, वाटेचा नाही. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड हे तालुक्याचं गावच तुटतं, मग आतल्या टोल्यांचं काय विचारता? आणि तो व्हिडिओ एकदा नीट बघा. खाट खांद्यावर घेऊन माणसं नाला ओलांडतायत ती दवाखाना गाठायलाच ना?

उपचार फुकट, हेही खरं. 2011पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपणासाठी ने-आणसुद्धा फुकट आहे. मजुरी मात्र बुडते. घरी ठेवलेल्या पोरांना कोण बघणार, हा प्रश्न वेगळाच. सरकारला हे ठाऊक आहे, म्हणून तर कुपोषित मूल दाखल केलं की पालकांना 'बुडीत मजुरी' द्यायची सोय आदिवासी भागात करावी लागली.

मांत्रिकाकडे जातात? जातात की. मेळघाटात भुमका, पालघरकडे भगत, गडचिरोलीत पुजारी. तो गावातच असतो, त्यांच्याच भाषेत बोलतो, रात्री-अपरात्री उठतो. त्याच्याकडून कधीकधी जीवघेणा उशीर होतो, हे झाकायचं कारण नाही. पण तेवढ्यावरून सगळं खापर अंधश्रद्धेवर फोडायचं, तर गडचिरोलीचा अनुभव आडवा येतो.

डॉ. राणी बंग यांनी तिथल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली. 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेले निष्कर्ष असे: 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होते, त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. पुरुष डॉक्टरपुढे असली तक्रार सांगायला बाई कचरते, ही अंधश्रद्धा म्हणायची का? शहरातल्या किती बायका सहज सांगतात?

पुढे राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने तिथल्याच 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना शिकवलं: वजन करायचं, बाळ उबेत ठेवायचं, जंतुसंसर्ग ओळखायचा, गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायचं. न्यूमोनिया ओळखण्यासाठी निरक्षर दाईच्या हातात एक साधं यंत्र होतं. मिनिटभरात गळून संपणारी वाळू आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा; वाळू संपायच्या आत मणी संपले तर न्यूमोनिया. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली हेही 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मांत्रिकावाचून ज्यांचं पान हलत नाही म्हणतात, त्याच घरांनी काही दिवसांच्या बाळाला सुई टोचू दिली. टोचणारी ओळखीची होती आणि दारात आली होती.

आज देशभर आशाताई याच धर्तीवर नवजात बाळाच्या घरी जातात. दवाखान्यात जन्मलं तर 42 दिवसांत सहा वेळा, घरी जन्मलं तर सात वेळा. त्यांच्या थकलेल्या मानधनाचा फॉरवर्ड मात्र कुठल्या ग्रुपवर फिरत नाही.