‘बावीस बोअर म्हणजे खेळणं’: अंबाजोगाईच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

‘निडर’ आणि ‘निर्भीक’ या दोन देशी रिव्हॉल्व्हरांची तुलना करून बावीस बोअर सुचवणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: ‘निडर’ (०.२२ बोअर, म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी इंचात) आणि ‘निर्भीक’ (०.३२) यांची तुलनाच होत नाही, दोन्हींचे कारखाने वेगळे, वजनं वेगळी. दुसरं, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात, लेकरंबाळं घेऊन राहणाऱ्याला बावीस बोअर सुचवणं म्हणजे त्याच्या हाती खेळणं देणं. आणि तिसरं, तुमच्याच शब्दांत, ‘घ्यायचं तर अडतीस नाहीतर तीनशेसत्तावन्न घ्यावं, बत्तीस बी नको.’ (म्हणजे ०.३८ आणि ०.३५७ मॅग्नम.)

पहिल्या मुद्द्यात दम आहे. ‘निडर’ इशापूरचं, अडीचशे ग्रॅमच्या आसपास. ‘निर्भीक’ कानपूरचं, त्याच्या साधारण दुप्पट वजनाचं. म्हणून निव्वळ बोअरमुळे काय बदलतं हे पाहायला दुसरं उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीनं के-२२, के-३२ आणि के-३८ अशी ‘मास्टरपीस’ रिव्हॉल्व्हरं काढली. सांगाडा तोच, नळी सहा इंची, तिन्हीत सहा-सहा काडतुसं. आता बाहेरून सारख्या नळीत भोक लहान असलं की लोखंड जास्त उरतं, त्यामुळे बावीसचं हत्यार अडतीसपेक्षा जड व्हायचं. तो फरक मिटवायला नळीवरच्या पट्टीची रुंदी कमीजास्त केली आणि भरलेल्या हत्याराचं वजन तिन्हींत सुमारे १,०९० ग्रॅमवर आणून ठेवलं. एका बोअरची स्पर्धा संपवून दुसऱ्या बोअरचं रिव्हॉल्व्हर उचललं तरी नेमबाजाच्या हाताला फरक जाणवू नये, यासाठी एवढा खटाटोप.

सगळं असं सारखं केल्यावर फरक उरतो तो काडतुसाचा. बावीसची गोळी २.६ ग्रॅमची. बत्तीस लाँगची सव्वासहा ग्रॅमच्या थोडी वर, सेकंदाला सुमारे २१५ मीटर वेगानं जाणारी, ऊर्जा १५० ज्यूलच्या घरात. अडतीस स्पेशलची दहा ग्रॅमची नेहमीची गोळी २७० ज्यूलच्या आसपास. तेवढ्याच वजनाची गोळी तीनशेसत्तावन्न मॅग्नममधून ७०० ज्यूलच्या वर जाते. या दोन्हींच्या गोळीची जाडी एकच आहे, बरं का. मॅग्नमचं कवच अडतीसपेक्षा जेमतेम तीन मिलिमीटरनं जास्त लांब, ते अडतीसच्या सिलिंडरात शिरू नये म्हणूनच. म्हणजे तुमचं तीनशेसत्तावन्न बत्तीसच्या जवळपास पाचपट ताकदीचं. हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्या ताकदीचा झटका मागे हातालाही बसतो. खिशात मावणाऱ्या अर्ध्या किलोच्या हत्यारात तो असा बसतो की नवख्याची दुसरी गोळी कुठे जाईल याचा नेम नाही.

शिवाय बोअर वाढलं की जागा खाल्ली जाते. रूगर कंपनीचं एसपी-१०१ रिव्हॉल्व्हर पाहा: त्याच सांगाड्यात बावीसची आठ काडतुसं बसतात, ०.३२७ ची (बत्तीसच्याच जाडीची) सहा, तीनशेसत्तावन्नची पाच.

‘खेळणं’ या शब्दाला मात्र माझा ठाम विरोध आहे. बावीसची गोळी किलोमीटरहून लांब जाते आणि माणूस मारते. हत्याराला खेळणं म्हणणाऱ्याच्या घरात ते उशाशी भरलेलं पडून राहतं, आणि तुम्ही ज्या लेकरांची काळजी करता तीच तिथे झोपलेली असतात. बावीसची खरी उणीव वेगळी आहे. तिच्यात पेट घेणारं द्रव्य बुडाच्या कडेत असतं, ते पेटवायला जोराचा ठोका लागतो, म्हणून बावीसच्या रिव्हॉल्व्हरचा चाप बहुधा जड असतो आणि काडतूस न पेटण्याचा संभवही जास्त. ‘बायकांसाठी हलकं’ म्हणून ते खपवणारे हे सांगत नाहीत.

आता अडतीस. तुमच्या लहानपणी फौजदाराच्या कमरेला जे अडतीस पाहिलं म्हणता, ते परवान्यावर सहसा कुणाला मिळत नाही. लष्कराचं ०.३८० (फौजदाराच्या त्या अडतीसमधलं) किंवा ०.४५५ चं काठ असलेलं काडतूस, किंवा नऊ मिलिमीटरचं काडतूस ज्यात बसून उडेल असं कुठलंही रिव्हॉल्व्हर वा पिस्तूल शस्त्र नियमांनी प्रतिबंधित गटात टाकलंय. आपल्याकडे बत्तीस बोअर रुळलं ते त्यामुळेच. तीनशेसत्तावन्न त्या गटात येत नाही, पण परदेशी शस्त्रांची खुली आयात बंद होऊन दशकं लोटली. जुनं एखादं मिळालंच तर भलत्या किमतीला, आणि काडतुसं त्याहून दुर्मीळ. बत्तीसला निदान खडकीचं ‘केएफ’ छाप काडतूस आहे.

काका, माझा सगळा भर या काडतुसांवर आहे. जे मिळत नाही त्याचा सराव होत नाही, आणि ज्याचा सराव नाही ते हत्यार आखाड्यावर रात्री अंधारात घरच्यांनाच धोका. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं ते बावीस बोअरवरच. हात त्यावर बसतो, कारण काडतूस स्वस्त आणि झटका नगण्य.

बीडमधल्या डिसेंबर २०२४ च्या सरपंच-हत्येनंतरच्या घडामोडींत शस्त्रपरवान्यांची किती चर्चा झाली, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून ‘मोठ्यातलं मोठं घ्या’ असं मी लिहिणार नाही.

तुमच्या पुतण्याचा अर्ज करायचाय म्हणता, तर आधी त्याला शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घेऊ द्या, त्याचं प्रमाणपत्र अर्जाला लागतंच. रेंजवर त्याला बावीस आणि बत्तीस दोन्ही चालवू द्या. बत्तीसवर त्याचे नेम एका जागी पडू लागले तर बत्तीसच घ्या, माझी काही हरकत नाही. फक्त पैसे भरण्याआधी दुकानदाराला काडतुसांचं विचारा: आज किती आहेत, आणि पुढचा माल कधी येतो.