एकाच दिवशी गेले म्हणे!

आज २३ एप्रिल. सकाळपासून तोच मेसेज फिरतोय. शेक्सपिअरचा जन्म २३ एप्रिल, मृत्यू २३ एप्रिल, त्याच दिवशी तिकडे स्पेनमध्ये ‘डॉन किहोते’ लिहिणारा सर्व्हान्तेस गेला, म्हणून आज जागतिक पुस्तक दिन. खाली दिवा आणि जोडलेले हात. पाठवणारी सगळी आपलीच पुस्तकवेडी माणसं, म्हणून जास्त चीड येते.

शेक्सपिअरची जन्मतारीख कुठेही नोंदलेली नाही. नोंद आहे ती बाप्तिस्म्याची, २६ एप्रिल १५६४. त्यावरून अंदाजाने मागे जाऊन २३ धरली गेली. मृत्यूची २३ एप्रिल १६१६ ही तारीख त्याच्या स्मारकावर कोरलेली आहे, ती मान्य. पण इंग्लंडमध्ये तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं आणि स्पेनने १५८२ मध्येच नवं ग्रेगोरियन, म्हणजे आज आपण वापरतो ते, घेतलं होतं. इंग्लंडमधली ती २३ एप्रिल म्हणजे स्पेनमधली ३ मे. सर्व्हान्तेसचा मृत्यूही बहुतेक अभ्यासक २२ एप्रिलचा मानतात, २३ ला दफन झालं. मग ‘एकाच दिवशी’ कुठून आलं?

दिनविशेष काढणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की ही तारीख कोणत्या कॅलेंडरमधली आहे. गणित अवघड नाही. ज्युलियन तारखेत फेब्रुवारी १७०० संपेपर्यंत १० दिवस मिळवायचे, अठराव्या शतकात ११, एकोणिसाव्यात १२ आणि त्यानंतर १३. देशोदेशी बदल वेगवेगळ्या वर्षी झाला हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. ब्रिटनमध्ये २ सप्टेंबर १७५२ नंतर थेट १४ सप्टेंबर उजाडली. रशियात ३१ जानेवारी १९१८ नंतर १४ फेब्रुवारी आली, म्हणून ऑक्टोबर क्रांतीचा दिवस ७ नोव्हेंबरला येतो. १५८२ च्या आधीच्या तारखांना हात लावायचा नाही, त्या ज्युलियनच ठेवायची रीत आहे.

खरा घोळ होतो तो दोन ठिकाणी. एक, पुस्तकात आधीच बदललेली तारीख आपण पुन्हा बदलतो. दोन, वर्षारंभ विसरतो. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जॉर्ज वॉशिंग्टनच्या जन्माची मूळ नोंद ११ फेब्रुवारी १७३१ अशी आहे आणि आजच्या हिशोबाने ती २२ फेब्रुवारी १७३२ होते. दिवस बदलला, सालही बदललं. गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे वाक्यही असंच जुन्या-नव्याची सरमिसळ करून उभं आहे. गॅलिलिओ नव्या कॅलेंडरने ८ जानेवारी १६४२ ला गेला. न्यूटनची २५ डिसेंबर १६४२ जुनी आहे. नव्याने ती ४ जानेवारी १६४३.

पुन्हा त्या मेसेजकडे येते. पुस्तक दिन आजच आहे, यात वाद नाही. युनेस्कोने १९९५ मध्ये २३ एप्रिल ठरवली, तेव्हा दिन या तारखेचाच. त्यामागची गोष्ट पोकळ निघाली तरी दिन हलत नाही. म्हणूनच दिन आणि घटना या दोन वेगळ्या नोंदी ठेवा, हे परत परत सांगते. ‘दिन’ असेल तर तो कुणी आणि कधी जाहीर केला ते लिहा. कुणीच जाहीर केलेला सापडत नसेल तर गाळा. सरळ गाळा!

सणांचं तर विचारूच नका. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यात कधीही येतो, दिवाळी आणि ईद चंद्रावर चालतात. गेल्या वर्षीची तारीख उचलून कायमच्या यादीत घालणं हा निव्वळ आळस. अमेरिकेतली वॉशिंग्टन जयंतीची सुट्टी फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी असते, म्हणजे १५ ते २१ च्या दरम्यान. २२ ला ती कधीच येऊ शकत नाही. जयंती २२ च्या पानावर आणि सुट्टी कुठल्याच ठरावीक पानावर नाही.

नेमकी कोणती कृती त्या दिवशी झाली, हेही बघा. आपलं संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलं गेलं आणि २६ जानेवारी १९५० ला पूर्ण अमलात आलं. २६ जानेवारी निवडली ती १९३० च्या पूर्ण स्वराज्य दिनामुळे. दोन्ही तारखांखाली नुसतं ‘संविधान’ लिहून चालेल का? क्रियापद लिहा.

ठीक आहे, दहा दिवसांच्या फरकाने कुणाचं काही बिघडत नाही, हेही खरं.

आणि शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी खडूने चार ओळी लिहिणाऱ्या बाईंवर माझा अजिबात राग नाही. परिपाठाआधी त्यांना पाच मिनिटं मिळतात, समोर जे छापील पुस्तक असेल तेच त्या उतरवणार. राग आहे तो ते पुस्तक छापणाऱ्यांवर. त्यांच्याकडे वेळ असतो, पैसे घेतलेले असतात, आणि तरी एका पुस्तकातली चूक दुसऱ्यात जशीच्या तशी उतरते.

घड्याळाचं तेवढं राहिलं. हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बरवर जपानने हल्ला केला तेव्हा तिथे ७ डिसेंबर १९४१ होती, जपानमध्ये ८ उजाडली होती. घटना जिथे घडली तिथली तारीख धरायची. चंद्रावर मात्र स्थानिक वेळच नाही. आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं तेव्हा अमेरिकेत २० जुलै १९६९ ची रात्र होती, आणि जागतिक प्रमाणवेळेने २१ जुलैचे पहाटेचे २ वाजून ५६ मिनिटं. अशा नोंदीत तारखेशेजारी कोणती वेळ धरली तेही लिहा.