झाकणाची मूठ आणि इतर गंभीर विषय

सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर एकाने फर्मान काढलं : सध्या काय वाचताय, काय बघताय आणि घरातली कुठली गोष्ट आनंद देतेय, तीन ओळींत सांगा. भराभर याद्या आल्या. जाडजूड इतिहासग्रंथ, ताजं बक्षीस मिळालेली कादंबरी, आठ भागांची एक उदास मालिका. घरातला आनंद म्हणजे हवा शुद्ध करणारं यंत्र. मी आपलं खरं ते लिहिलं. शेरलॉक होम्स, बहुतेक पाचव्यांदा. टीव्हीवर 'कोलंबो', ती जुनी अमेरिकन डिटेक्टिव्ह मालिका. आणि पातेल्याच्या झाकणाची मूठ घट्ट केली.

"बरी आहेस ना गं?" असं पहिलं उत्तर. मग हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मग एकीचं, "तेच तेच काय वाचतेस? शेवट माहीत असतो ना!"

तेव्हापासून डोकं फिरलंय. त्या मुठीसारखंच.

मुठीचं सांगते. दोन वर्षं ती सैल होती. झाकण उचललं की ते एका बाजूला कलायचं आणि गरम पाण्याचा एक थेंब नेमका मनगटावर. रोज. स्क्रूड्रायव्हर दोन पावलांवरच्या ड्रॉवरमध्ये होता, पण दोन वर्षं मी मनगट झटकत राहिले. मध्ये दोनदा पिळून बघितली होती, आठवड्यात परत सैल. तापतं, निवतं, वाफेने थडथडतं, स्क्रू ढिला होणारच. गेल्या रविवारी एक वायसर घालून आवळली. दहा मिनिटांचं काम. आता झाकण उचललं की ते सरळ वर येतं. बस्स, एवढंच. पण मला दर वेळी बरं वाटतं, आणि दिवसातून चार वेळा वाटतं. त्यात पुढे काय होणार हे मला आधीपासून माहीत असतं, तरीही.

होम्सचं तेच. चार कादंबऱ्या, छप्पन्न कथा, खुनी कोण ते सगळं मला पाठ. म्हणून तर बाकीचं दिसतं! होम्सचा मित्र वॉटसन, त्याला लागलेली गोळी पहिल्या कादंबरीत खांद्यात आहे आणि दुसरीत पायात. त्याचं नाव जॉन, पण एका गोष्टीत त्याची सख्खी बायको त्याला जेम्स म्हणते. पहिल्यांदा वाचताना मला यातलं काही दिसलं नव्हतं, मी खुन्याच्या मागे धावत होते. होम्सचा कंटाळा त्याच्या लेखकालाच, डॉयलला आला होता. १८९३ मध्ये त्याने त्याला धबधब्यात ढकलून मोकळं व्हायचं ठरवलं, पण वाचकांनी काही सोडलं नाही. १९०३ मध्ये त्याला जिवंत करून परत आणावं लागलं. तेव्हा त्या सगळ्या वाचकांना कुणी "बरे आहात ना?" विचारलं होतं का?

आणि 'कोलंबो'मध्ये तर खुनी सुरुवातीलाच दाखवतात. १९७१ मध्ये मालिका नियमित सुरू झाली, तिचा पहिला भाग दिग्दर्शक म्हणून तरुण स्पीलबर्गचा, आणि त्यातही पहिल्या काही मिनिटांत सगळं उघड. शेवट फोडायची सोयच नाही. मग उरतो तो चुरगळलेला रेनकोटवाला डिटेक्टिव्ह, कोलंबो. निघतो, दारापर्यंत जातो, परत वळतो. तो वळणार हे मला माहीत असतं, खुन्यालाही एव्हाना कळलेलं असतं, आणि तरी मी उशी कवटाळून बसते. बायकोबद्दल अखंड बोलतो, ती पडद्यावर एकदाही येत नाही.

खरा राग मला याचा नाहीच. जिने मला "तेच तेच" म्हटलं, तिनेच मागच्या आठवड्यात सांगितलं होतं की ती उदास मालिका तिने दीडपट वेगाने संपवली. दीडपट वेगाने उदास होता येतं? कशासाठी? यादीत टाकायला? आपण काय बघितलं याची हजेरी द्यायचीय का कुणाला?

नवीन वाचायला हवं, मान्य. वाचते मी. पुढे.

या यादीत मी लाजून न लिहिलेल्या दोन गोष्टी आता लिहूनच टाकते. खुर्चीमागचा पांढराफटक दिवा काढून २७०० केल्विनचा पिवळा लावला. संध्याकाळी खोली दवाखान्यासारखी दिसायची थांबली. आणि धुतलेली चादर व एक अभ्रा घडी करून दुसऱ्या अभ्र्यात कोंबून ठेवते, अख्खा संच एका हाताने बाहेर येतो. हसा.

जरा जास्तच चिडून लिहिलं का? तिच्याकडे माणसं जास्त आणि दिवस तेवढाच, हे मला ठाऊक आहे. दीडपट वेग ती हौसेने लावत नसेल. कॉलेजात हीच माझ्या शेजारी बसून एकच कादंबरी आलटून पालटून वाचायची. पान उलटायला मी उशीर केला की कोपर मारायची. म्हणजे घाई तेव्हाही होतीच म्हणा.

हे टाइप करत होते तेवढ्यात तिचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकटीला. पातेल्याच्या झाकणाचा फोटो, मूठ कललेली. खाली लिहिलंय, "वायसर वरून घालायचा की खालून?"

खालून गं. स्क्रूच्या डोक्याशी. आणि झाकण आधी निवू दे.